हलकी नळी

“अवं काडी, बंदुकीच्या जड नळीनं खांदा उखडून पडंल तुहा, हलकीच घे!” आमचे कोच माझ्या मावसबहिणीवर अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडत होते. त्या वर्षांत कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून रायफल पुसायला क्लबात पोत्यानं कापूस पडलेला असायचा, आणि बंदुकीच्या तेलात भिजलेल्या त्या कापसाचा वास आला की अजूनही मला ती दुपार आठवते. यवतमाळचं ऊन असं, की कावळे उडता उडता भाजून पडावेत. आणि निशाण इतकं लांब, की गोळी वाटेत केळापूरला मुक्काम करत असावी. राज्य स्पर्धेला एकीलाच पाठवायचं होतं आणि उरल्या होत्या दोघी, माझी बहीण आणि कोचांची भाची. बहीण हरली तर तिची रायफल सुटणार आणि लग्न लागणार, हे मावशीनं ठरवूनच टाकलं होतं. बहिणीनं रायफलीला हलकी नळी बसवून घेतली. पहिल्या गोळ्या तिनं अशा मधोमध घातल्या की मी पोळ्याच्या बैलासारखा नाचलो. मग ती पातळ नळी तव्यागत तापली आणि गोळ्या भरकटत भरकटत निशाणाच्या कागदाबाहेर गेल्या. भाचीची जड नळी शेवटपर्यंत सरळ मारत राहिली. कोचांनी बहिणीचा कागद सगळ्यांना फिरवून दाखवला, “याची तं चाळणीबी होत नाही.” सगळे हसले. बहिणीनं हळूच विचारलं, “सर, हलकी नळी तापली की गोळी भटकते, हे तुम्हाले माहीत नव्हतं काय?” कोच म्हणाले, “माहीत होतं, म्हणून तं जड तिले देली.”