आवृत्ती संपेपर्यंत आंबा नाही

आमच्या प्रकाशन संस्थेची पुस्तकं पडवीत साठत गेली, तसे किस्सेही साठले. फरक इतकाच की किस्से लोक मागून नेतात!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचे हे शाळेतून रिटायर झाले आणि मित्राला, आबा वकिलांना, हाताशी धरून त्यांनी संस्था काढली. नफा घ्यायचा नाही, असं घटनेतच लिहिलेलं. आबा म्हणत, "घटनेतलं एवढं एक कलम आपण कडक पाळलं."

•

ह्यांचा जीव एकाच पुस्तकात होता. गावोगाव पायी फिरून म्हाताऱ्यांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या! हे खपलं नाही तर संस्थेला कुलूप, असं दोघांनी ठरवलं. मी हेदवीच्या गणपतीपुढे नवस बोलून आले : आवृत्ती संपेपर्यंत आंबा खाणार नाही.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगो, रत्नागिरीत राहून आंबा सोडलास? त्यापेक्षा माझा मुलगा सोडायचास, सोपं गेलं असतं."

•

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून ओव्यांचं पुस्तकच लुटलं. बायका "अगोबाई, पुस्तक!" म्हणाल्या आणि पिशवीत वाटी-चमचा शोधू लागल्या.

पुढच्या संक्रांतीला शेजारच्या काकूंनी मला वाण दिलं. आमचंच पुस्तक! कुंकवाचा डाग तसाच. चिपळूणला नणंदेकडे गेले, तिथेही तेच हातात पडलं. मी रडवेली होऊन घरी आले, तर ह्यांचा चेहरा फुललेला. म्हणाले, "बघ, फिरतंय तरी!"

•

मालगुंडला एका कार्यक्रमात आम्ही टेबल मांडलं होतं. एक गृहस्थ आले आणि पुस्तक पानापानाने चाळू लागले. आबांनी मला कोपराने खुणावलं, ह्यांनी चहा मागवला. मी मनात अथर्वशीर्ष सुरू केलं.

गृहस्थांनी चहा संपवला, पुस्तक जागच्या जागी ठेवलं आणि झोळीतून स्वतःच्या कवितांचं बाड काढलं. "छपाई चांगली आहे तुमची. माझं कधी काढताय?"

त्या दिवशी असे बरेच जण भेटले. छापायचं सगळ्यांना होतं, वाचायचं कुणालाच नव्हतं!

•

गणपतीत चौरंग मोडला, म्हणून न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे रचून त्यावर जरीचं कापड घातलं. आरास छानच दिसली. मी डोळे मिटून देवाला म्हटलं, बाबा रे, आता तूच वर बसलायस, काय ते बघ.

विसर्जनाला देव गेले. आसन तेवढं राहिलं.

•

पाऊस सरल्यावर गठ्ठे उन्हात घालायला काढले. वरचे कागद धड होते. दोरी सोडली आणि आतून नुसती माती सांडली. वाळवी! गठ्ठ्यामागून गठ्ठा तसाच.

आबांनी मूठभर माती उचलून पाहिली. म्हणाले, "शेवटच्या पानापर्यंत वाचलं हो कुणीतरी."

हे हसले नाहीत. आत गेले, संस्थेची पाटी उतरवून कॉटखाली सरकवली. आबा मला हळूच म्हणाले, "वहिनी, आवृत्ती संपली. आता आंबा खायला हरकत नाही."

मी म्हटलं, "एक प्रत आहे अजून. देवघरात, रेशमी फडक्यात."

•

वैशाखात एक म्हातारी दारात आली. डोक्यावर आंब्यांची टोपली, पाय धुळीने भरलेले. संगमेश्वराकडची. ह्यांनी तिच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. तिला कुणीतरी सांगितलं होतं, तुझं नाव छापलंय म्हणून. ते पुस्तक हवं होतं, आणि बदल्यात टोपली आणली होती.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवघरातली प्रत आणून तिच्या हातात दिली. हे तिच्या शेजारी बसले आणि तिची ओवी तिलाच वाचून दाखवली. ऐकता ऐकता म्हातारीचा हात जमिनीवर गोल फिरू लागला.

मग तिने पुस्तक पदरात बांधलं. मी म्हटलं, "आजी, नातवंडांकडून रोज वाचून घ्या हो."

"नातवंडं मुंबयला, बाय. पोराला सांगून ठेवलंय, मी गेले की ह्ये माज्या उशाला ठेव, लाकडांवं. वर गेल्यावं कुणी जात्यावं बसवलान, तर गानी नकोत जवळ?"

ती बांधाआड जाईपर्यंत हे पायरीवर उभे होते. मग टोपलीतला एक आंबा त्यांनी धुतला, कापला आणि ताटली माझ्यापुढे ठेवली.