कांबळेबाईंच्या बाटल्या

कांबळेबाईंइतकं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि नाकातोंडावर पदर बांधला की त्यांच्याइतकं मुकंही. बेळगावच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. जिन्याखालच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. खडेबाजारातून आणलेला प्रेशर कुकर, मुरंब्याच्या बाटल्या आणि त्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे. बाटलीत सर्पगंधेच्या पानाचा एवढासा तुकडा ठेवायचा. त्याचा हळूहळू कणकेसारखा गोळा होई. आत कुणी ब्र काढला की बाई डोळे वटारत आणि बाहेर आल्यावर हिशेब चुकता करत. "बाटलीम्होरं बोलायचं न्हाय रं! तुमच्या तोंडातली घाण तिला लई लवकर लागती."

पदराची सवय निपाणीची. तिथं बाईंची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. "आईनं धूळ आत जाऊ नये म्हणून पदर बांधला, मी माझी घाण भाईर जाऊ नये म्हणून," बाई म्हणत. पुढे आईला रक्तदाबासाठी सर्पगंधेचं औषध सुरू झालं. ते मुळातून निघतं आणि मुळासाठी अख्खं झाड उपटतात, हे कळल्यापासून बाईंनी ध्यासच घेतला. झाडाला हात न लावता ते औषध बाटलीतल्या गोळ्यात तयार करायचं. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंधही त्यावरच होता.

खंडेनवमीला बाई निपाणीला गेल्या होत्या. त्या बौद्ध घरातल्या, पूजाबिजा करत नसत. पण आमचे शिपाई आप्पा भाविक. बाई बाटल्यांच्या खाद्यात नारळाचं पाणी घालतात, हे त्यांनी नेहमी पाहिलेलं. त्यांनी फळीवरच्या बाटल्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बोळ्याबोळ्यावर पाणी शिंपडलं. ओल्या कापसातून बुरशी आत उतरली.

बाई परतल्या तेव्हा आप्पा दारातच उभे होते. "बाई, पानी तर तुमीबी घालता न्हवं?"

"व्हय आप्पा, पण मी कुकरात शिजवून घालते." बाई खो खो हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. प्राचार्यांकडे मात्र त्यांनी आप्पांचं नावही काढलं नाही.

नव्या पानांसाठी आम्ही कणकुंबीच्या रानात गेलो, तर ओळखीच्या जागी नुसते खड्डे; मुळांसाठी झाडं कुणी उपटून नेलेली. कोनाड्यात राहिलेली एकच बाटली वाचली होती, आणि तिच्यातल्या गोळ्याला कोंब फुटले होते. औषध उतरलंय का ते पाहायचं तर सगळं वाटावं लागणार. न वाटावं तर प्रबंध बुडणार. बरेच दिवस बाई धड जेवल्या नाहीत. मग एकदा म्हणाल्या, "वाटून कळंल रं, पण मागं उरंल काय?"

त्यांनी कोंबांची रोपं केली. प्रबंध राहिला तो राहिलाच, आणि शेवटपर्यंत त्या नुसत्या कांबळेबाईच राहिल्या. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवतात त्या रोपं लावायला कणकुंबीच्या रानात आलेल्या. आप्पांनी एसटीत सगळ्या कुंड्या मांडीवर धरून आणल्या होत्या. रोपं लावून झाली, तसा त्यांनी पिशवीतून हळूच नारळ काढला आणि तो हातात धरून नुसतेच उभे राहिले.

बाईंनी पदर कमरेला खोचला. "फोडा की आप्पा. आता ती बाटलीत न्हाईत, मातीत हाईत."