खोडरबर बाई

दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हातारीला आपल्याच डोक्यासाठी चाललेलं भांडण ऐकू येत होतं.

"यादीत एकच स्कॅन आहे, आजचा. म्हणजे गाठ नवी. डोकं उघडावं लागेल," मोठे डॉक्टर म्हणाले.

"सर, सहा वर्षांपूर्वी मीच काढलाय यांचा स्कॅन," स्कॅन काढणाऱ्या बाईचा आवाज आला. "मशीनच्या आत पडल्यापडल्या विचारत होत्या, हा डबा धुता कधी?"

"तुमच्या आठवणीवर ऑपरेशन थांबवू?"

"मग न शोधताच कापणार?"

म्हातारीने हातातली पिशवी घट्ट धरली. शाळा दुसरीतच सुटलेली. पण भांडण कुणीही जिंकलं तरी डोकं आपलंच आहे, एवढं तिला कळत होतं.

स्कॅन काढणाऱ्या त्या बाईला सगळे 'खोडरबर' म्हणत. कंप्युटरवर पेशंटचं नाव टाकलं की त्याचे आजवरचे सगळे स्कॅन यादीत येतात. पण कुणी 'फक्त या वर्षीचे' अशी खूण केली, की ती पुढच्या पेशंटलाही तशीच राहते. घाईत कोण बघतंय! म्हणून बाई रोज घरी जाताना खुणा पुसून जायची. आदला आठवडाभर नेमकी ती रजेवर होती, आजच परतली होती.

डॉक्टरांच्या हाताखालचा माऊस तिने सरळ ओढून घेतला. खूण गेली, यादी लांबली. तिने जुना आणि नवा असे दोन्ही स्कॅन निवडून शेजारी-शेजारी लावले. गाठ तेव्हाही वाटाण्याएवढीच होती.

"हं," डॉक्टर म्हणाले. "वर्षाने पुन्हा बघू."

आभार राहिले बाजूला. दुसऱ्या दिवशी कंप्युटरवर चिठ्ठी चिकटली: 'टेक्निशियननी यादीला हात लावू नये.'

"अक्षर सुरेख आहे हो," बाई म्हणाली, आणि संध्याकाळी खुणा पुसून घरी गेली. रोज गेली. वरून दोनदा लेखी ताकीद आली, तिने 'वाचलं' म्हणून सही ठोकली आणि पुन्हा पुसल्या.

वर्षाने म्हातारी आली, तो बाईचा नोकरीतला शेवटचा दिवस होता.

"वाटाणा जागचा हललेला नाही, आजी."

"हट्टी आहे मेला. माझ्यावर गेलाय."

पलीकडच्या खोलीतून निरोपाच्या चहासाठी हाका सुरू झाल्या. खुद्द मोठे डॉक्टर दारात आले. "चला बाई, चहा निवतोय."

"आले, सर."

पर्स खांद्याला अडकवून, त्यांच्यादेखत, उभ्याउभ्याच तिने यादीतल्या खुणा एकेक करून काढल्या. कंप्युटर बंद केला. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्याने नीट दाबून बसवला आणि दिवा मालवला.