अठ्ठावीस दिवस थांबणारा साडू

कुठल्याही यशाचं अभिनंदन अठ्ठावीस दिवसांच्या आत करू नये, असं मानणारा माणूस अख्ख्या कतारात एकच होता, आणि नशिबानं तो माझा साडू निघाला. मूळ नाशिकचे हे गृहस्थ वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमवर काँक्रीटची गुणवत्ता तपासायला होते. काँक्रीटचे ठोकळे पाडायचे, काही सातव्या दिवशी दाबून फोडायचे, उरलेले अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि मगच पास की नापास ते सांगायचं, हा त्यांचा उद्योग. इथल्या उन्हात काँक्रीट भराभर घट्ट होतं, सातव्या दिवशी छाती फुगवून दाखवतं आणि पुढे तिथंच बसून राहतं. म्हणून त्यात बर्फ घालायचा, वर ओली पोती टाकायची आणि पाणी मारत राहायचं. ही विद्या त्यांनी स्टेडियमवरच ठेवली असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण साडूभाऊ ढोकळासुद्धा दोन बोटांत दाबून बघितल्याशिवाय तोंडात टाकत नसत. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या घरी आले की चहाच्या आधी हॉलची भिंत बोटानं वाजवायची, "घाईत झालंय" म्हणायचं आणि मग बसायचं. माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. यांनी मुलीचं शिक्षण, नोकरी, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "सात दिवसांचा रिझल्ट चांगला आहे." माझ्या मेहुणीनं त्यांना कोपरानं ढोसलं, पण त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

सगळं दोहा फुटबॉलच्या नादानं वेडं झालेलं असताना या माणसाला मात्र भलतंच फुटबॉल चिकटलं. त्यांची लेक जुई ज्या शाळेत होती, तिथले खेळाचे सर आयर्लंडचे. त्यांनी मुलींना आपल्या देशाचं गेलिक फुटबॉल शिकवलं. त्यात चेंडू हातातही घेता येतो, पण चार पावलं झाली की तो एकदा जमिनीवर टप्पा मारून पकडायचा, नाहीतर स्वतःच्याच पायानं उडवून पुन्हा झेलायचा. साडूंनी पहिली मॅच बघितली आणि निकाल दिला, "कबड्डीवाल्यांना चेंडू सापडलेला दिसतोय." त्यानंतर त्यांच्या अल अझीझियाच्या घरातून शुक्रवारी सकाळी हे बापलेक निघायचे. ती बूट हातात घेऊन, हे साइटवरचे सेफ्टी शूज पायात घालून. ते शूज त्यांनी गणपतीच्या आरतीलाही सोडले नव्हते. दाराबाहेर काढायचे तेवढेच.

बारा वर्षांखालच्या गटात जुईच्या टीमनं नुसता धुमाकूळ घातला. दुबईहून आलेल्या मुली रडत परत गेल्या. यात गुपित काहीच नव्हतं. जुई तेव्हाच इतरांपेक्षा डोकंभर उंच होती. चेंडू जुईला द्यायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, एवढाच डाव. बक्षीस समारंभाला मीही होतो. कोच झालेल्या त्या सरांनी कौतुकानं साडूंना दोन शब्द बोलायला उभं केलं. हे उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "व्हेरी गुड सेव्हन डे रिझल्ट. प्लीज वेट फॉर ट्वेंटी एट." कुणाला काहीच कळलं नाही, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर त्यांनी कोचना बाजूला घेऊन समजावलं, की अर्धी मॅच जुईला बाहेर बसवा. एका कोपऱ्यात सगळ्यात बुटकी मुलगी केक खात होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, तिला कधीतरी चेंडू मिळू द्या. "बट सर, वी आर विनिंग," कोच हसून म्हणाले.

दोन वर्षांनी चौदाखालचा गट आला आणि साडूंचं भाकीत अक्षरशः खरं झालं. मैदान मोठं झालं. दुबईच्या त्याच मुली आता जुईएवढ्या उंच होऊन आल्या. आणि त्यांच्याकडे कधी जुई नसल्यामुळे त्या बिचाऱ्या इतकी वर्षं एकमेकींना चेंडू द्यायला शिकल्या होत्या. आमच्या मुलींना ते येतच नव्हतं. दोघीजणी जुईला घेरून उभ्या राहायच्या आणि खेळ खलास. पालकांनी ऊन, रेफरी, नवा चेंडू अशी सगळ्यांवर खापरं फोडली. "मी म्हणालो नव्हतो?" हे वाक्य साडूंच्या तोंडून येणार म्हणून मी तयारीत होतो, पण ते आलंच नाही. कारण एका हरलेल्या मॅचनंतर जुईनं बूट गाडीच्या डिकीत फेकले आणि म्हणाली, "आय अ‍ॅम डन, बाबा. आय वॉज नेव्हर गुड. आय वॉज जस्ट टॉल." साडूंना रात्रीचं जेवण गेलं नाही, असं मेहुणीनं नंतर सांगितलं.

मी त्यांना फोनवर म्हटलं, "जाऊ द्या, पोरीला नकोय तर सोडू दे."

"साडूभाऊ, तडा गेला म्हणून कुणी स्लॅब पाडत नाही," ते म्हणाले. "वरवरचा असला तर पाणी मारायचं."

आणि पुढच्या शुक्रवारपासून त्यांनी जे मारलं ते पाणी मी डोळ्यांनी बघितलं. घराजवळच्या बागेत, इस्त्रीची पँट आणि सेफ्टी शूज घालून, पोट सांभाळत हा माणूस लेकीसमोर उभा. "यल्ला, चल, मला पास दे." जन्मात कधी चेंडू न झेललेला बाप. तिचा पहिला पास त्यांच्या चष्म्यावर बसला, दुसरा पोटावर. जुई चिडायची, "बाबा, कॅच ना!" हे शांतपणे म्हणायचे, "मला येत नाही गं. मला झेलता येईल असा दे." हळूहळू ती थांबायला लागली, बाबा कुठं पळतायत, किती पळू शकतात ते बघायला लागली. एके दिवशी तिनं असा चेंडू दिला की तो त्यांच्या हातात अलगद येऊन बसला. ते इतके दचकले की चेंडू घेऊन बागेबाहेर पळत सुटले. चार पावलांचा नियम कुठल्या कुठे गेला. जुई गवतावर बसून पोट धरून हसत होती.

त्या मोसमातली शेवटची मॅच आम्ही हरलोच, पण थोडक्यात. जुईला दोघींनी घेरलं तेव्हा तिनं मान वर केली, कोपऱ्यातल्या त्या बुटक्या मुलीला हेरलं आणि तिच्या हातात बसेल असा चेंडू दिला. तिनं तो थेट गोलात मारला. मला त्या खेळाचे नियम अजून नीट माहीत नाहीत, पण माझे डोळे भरून आले. साडू मात्र सेफ्टी शूजकडे बघत उभे होते.

त्यानंतर टीम पुढच्या गटात गेलीच नाही. इथं कुणी तेवढं थांबत नाही. कोच आपल्या देशात परतले, ती बुटकी मुलगी कोचीला गेली. स्टेडियम उभं राहिलं तसं साडूंचं कंत्राटही संपलं, आणि वर्ल्ड कपची पहिली मॅच व्हायच्या आधीच ती तिघं नाशिकला गेली. मी मात्र तिकीट काढून त्यांच्या स्टेडियममध्ये मॅच बघून आलो. बसायच्या आधी पायरी बोटानं वाजवून बघितली. शेजारचा माणूस बघत राहिला. मला त्यांची फार आठवण आली.

मागच्या आठवड्यात त्यांना फोन केला. जुई म्हणे सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरी जमवून त्यांना चार पावलं आणि टप्पा शिकवते. पलीकडून चेंडूचा आवाज येत होता आणि साडूंना धाप लागली होती.

"काय साडूभाऊ," मी विचारलं, "अठ्ठाविसावा दिवस उजाडला की नाही?"

"नाही अजून," ते म्हणाले. "पाणी मारतोय."