पाहुण्यांची खीर

मानवी देह हे स्वतःचं रक्षण करणारं दिव्य यंत्र आहे, असं विज्ञान दिनाच्या पाहुण्यांनी आमच्या शाळेत सांगितलं, तेव्हा समोरच्या दीडशे यंत्रांना दुपारचे तीन वाजले तरी जेवण मिळालेलं नव्हतं.

शाळा गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातली, मुख्याध्यापक मी. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंनी दुधातली खीर अकरालाच उतरवली होती.

"गुरुजी, पोरायले वाढून देऊ का? उन्ह तापून राह्यली, खीर नासन."

"पाहुण्यांच्या आधी?"

"पाहुण्याचं पोट अन् पोरायचं पोट येगळं असते का जी?"

मी हसण्यावारी नेलं. पाहुणे अडीचला आले आणि बोलायला उभे राहिले. जंतूंचं विष पोटात गेलं की शरीराची संरक्षक फौज बेभान होते, तेव्हा शरीर स्वतःच भांगेसारखी द्रव्यं तयार करून तिला आवरू पाहतं. उंदरांमध्ये हे दिसलंय, माणसाबद्दल अजून फार कळलेलं नाही, असंही ते प्रामाणिकपणे म्हणाले. भाषण संपल्यावर मी खीर पुन्हा उकळायला लावली. उकळल्यानं जंतू मरतात, पण त्यांनी आधी सोडलेलं विष टिकू शकतं, हेही त्यांच्या भाषणात होतं. भुकेपोटी ते कोणी ऐकलं नाही. मीही नाही.

संध्याकाळपर्यंत निम्मी शाळा ओकत होती. दोन दिवसांत सगळे बरे झाले, पण पानठेल्यावर निदान झालं होतं.

"साहेबच बोलला न, पोटात भांग राहते म्हणून. पोटात कुठून येईन? बाईनंच टाकली."

ग्रामसभेत बाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुमी तरी सांगा न."

खीर चार तास कोणी थांबवली, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हणालो, "चौकशी होऊ द्या."

चौकशी झालीच नाही. शाळेचं काम गेलं, मग लग्नाच्या पंगतींनाही त्यांना कोणी बोलवेना. त्या नवऱ्याबरोबर तलावावर मासे धरायला जाऊ लागल्या.

निवृत्त झाल्यावर, म्हणजे धोका टळल्यावर, मी त्यांच्या अंगणात जाऊन सगळं कबूल केलं. त्या जाळं उकलत होत्या.

"मले तवाच माहीत होतं जी," त्या म्हणाल्या. जाळ्याची एक गाठ सोडवून विचारलं, "त्या साहेबाले तरी आवडली होती का खीर?"

साहेबांना शुगर होती. त्यांनी वाटी हातातसुद्धा घेतली नव्हती.