हातावरचं चिनी अक्षर

परक्या मुलखाचं अक्षर मी फूल समजून हातावर गोंदून घेतलं, एवढी मी शहाणी! निजामाच्या राजवटीत एक चिनी माणूस रेल्वेनं परभणीला यायचा आणि गाठोड्यातलं रेशीम दारोदार विकायचा. त्याच्याकडून घेतलेल्या खणावर गोल, जाळीदार फुलं होती. गोंदणारीण आली तेव्हा मी तो खणच तिच्यापुढं धरला.

सासूबाई कडाडल्या, "कुण्या देवाचं, का भुताचं काढलंस बये? कळंपर्यंत देवघरात पाऊल टाकू नको!" नवी सून, अन् देवघर बंद! मी रडले, तरी गोंदण चोरून बघायचीच.

पुढच्या खेपेला तो आला, तसा सासूबाईंनी माझा हात ओढून त्याच्यापुढं केला. तो हसला. "फूल नै अम्मा, हरफ है. लंबी उमर का." मग मोडक्यातोडक्या दखनीत त्यानं सांगितलं, की त्याच्या देशात हे अक्षर शंभर परींनी लिहितात. म्हाताऱ्यांच्या वाढदिवशी ते भिंतीवर लावतात, वाडग्यांवर रंगवतात. अन् माणूस गेला की त्याच्या शेवटच्या कपड्यांवरही तेच भरतात. जन्मदिवसाला अन् मरणाला एकच अक्षर! माझ्या अंगावर काटा आला. किती पिढ्यांनी लिहिलेलं ते, माझ्या काळ्या मनगटावर येऊन बसलं होतं.

सासूबाईंनी माझं मनगट उजेडाकडं वळवून नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "जा, देवाजवळ दिवा लाव. अन् ती गोंदणारीण दिसली की हाक मार, माझ्या बी हातावर काढू दे."