पूर्ण शर्ट

माझ्या मावशीने आयुष्यात काही लाख कॉलरी लावल्या असतील, पण मागच्या वर्षापर्यंत तिने एकही पूर्ण शर्ट शिवला नव्हता. लोकांना हे खरंच वाटायचं नाही. शिवणकाम करणारी बाई म्हणून शेजारणी उशांचे अभ्रे घेऊन यायच्या, तेव्हा ती सरळ सांगायची, "मला फक्त कॉलर येते. उशीला कॉलर हवी असेल तर बसा." शेजारणींना वाटायचं, बाईला भाव चढलाय.

कारखान्यात बायकांची एक लांब रांग होती. एकीने खिसा लावायचा, दुसरीने खांदे जोडायचे, आणि शर्ट असा उजवीकडे सरकत सरकत जायचा. मावशी कॉलर लावायची आणि ते बिनबाह्यांचं धड न बघताच उजव्या हाताने पुढे ढकलायची. तिथे बाहीवाली बसायची. एकोणीस वर्षं दोघी अशा शेजारी बसल्या. नजर सुईवर आणि तोंडाचा पट्टा सुरू. बाहीवालीची सून कधी रुसली, माझ्या काकांना रात्री कितीदा खोकला आला, याची खबर दोन्ही घरांत पोचलेली असायची. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांची फुप्फुसं अधू, दर महिन्याला हॉस्पिटलची वारी, आणि ती कारखान्याच्या विम्यावर चाललेली.

मग एका सोमवारी फाटकावर कारखाना बंद झाल्याचा कागद लागला. आता कॉलर लावणारं यंत्र आलं होतं, बाही लावणारंही, आणि ते सगळं दुसऱ्या कुठल्या तरी शहरात होतं. बायकांना वाऱ्यावर सोडलं नाही, हे कबूल करायला हवं. भत्ता सुरू झाला, विमा चालू राहिला. अट एकच: प्रशिक्षण घ्यायचं आणि शेवटी चार तासांत एकटीने पूर्ण शर्ट शिवून दाखवायचा. जमलं तर प्रमाणपत्र, नोकरी आणि विमा पुढेही चालू. नाही जमलं तर भत्ताही बंद आणि काकांचं विम्याचं कार्डही.

बाहीवाली तोवर तीन तासांवरच्या गावी मुलाकडे राहायला गेली होती. तिथेही असंच प्रशिक्षण केंद्र होतं. अर्जात 'कुठे काम हवं' असा रकाना होता. दोघींनी आमच्या शहरातल्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीचं नाव लिहिलं. पुन्हा शेजारी बसायचं, असं दोघींनी ठरवूनच टाकलं होतं.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मावशीने अशी कॉलर लावली की शिकवणारे मास्तर बघतच राहिले. आणि मग तिने शर्ट सवयीने उजवीकडे सरकवला. तो जमिनीवर पडला. मावशी पुढच्या शर्टाची वाट बघत बसली.

मास्तर म्हणाले, "बाई, बाही कोण लावणार?"

"ती आज आली नाही," मावशी बोलून गेली.

वर्ग हसला. तीही हसली. घरी आल्यावर मात्र रडली. मला म्हणाली, "बाही काही एवढी अवघड नाही गं. तिच्याशिवाय बसणं अवघड आहे."

पण बाहीही अवघड होतीच. तीन आठवडे झाले तरी प्रत्येक बाहीला मुंढ्यापाशी, खांद्याच्या जोडावर, चुण्या पडत. मास्तरांचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकोणीस वर्षं तिच्या शेजारी बसलीस, एकदा मान वळवून बघता आलं नाही?"

"मान वळवली की कॉलर वाकडी जाते."

मी बाहीवालीचा नंबर लावला आणि फोन मावशीच्या हातात दिला. मावशीने अडचण सांगितली.

"मीच तुला फोन करणार होते," बाहीवाली म्हणाली. "माझ्या कॉलरींना टोकंच येत नाहीत. सशाचे कान होतात."

दोघी इतक्या हसल्या की आत काका जागे झाले. त्या दिवसापासून वर्गाला जायच्या आधी, सकाळी दहा वाजता, फोन मशीनशेजारी ठेवून शाळा भरू लागली. बाहीवाली सांगायची, "बाही खाली ठेव, शर्टाचं अंग वर. जास्तीचं कापड मशीनचे दात आपोआप ओढून घेतात. तू ओढू नकोस." मावशी सांगायची, "टोकाशी एक टाका तिरका घे, त्यात दोरा अडकव आणि तो ओढून टोक बाहेर काढ. सुईने टोचशील तर कापड फाटेल." मधेच सुनेचा विषय निघायचा. महिन्याभरात मावशीचा चेहरा उजळला. मला तर वाटतं, शर्टापेक्षा त्या दहा वाजण्याचीच ती वाट बघायची.

दोघी पास झाल्या. मावशीची तर बारा मिनिटं उरली.

नेमणुकीचं पत्र घ्यायला मी तिच्याबरोबर गेले. खिडकीतली मुलगी स्वभावाने चांगली होती. तिने मावशीला हॉस्पिटलचं काम दिलं आणि बाहीवालीचं विचारल्यावर सांगितलं, तुमच्या मैत्रिणीला त्यांच्याच गावात शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय.

"तिलाही इथेच द्या ना," मावशी म्हणाली. "दोन मशीनं ठेवा. मी कॉलर लावीन, ती बाही लावेल. काम भराभर होईल."

मुलीने प्रमाणपत्र तिच्याकडे वळवून एका ओळीवर बोट ठेवलं. "मावशी, तुम्हा दोघींनाही एकटीने पूर्ण शर्ट येतो, असं लिहिलंय. मग एका खोलीत दुसरी बाई कशाला लागेल?"

मावशीने हळू आवाजात विचारलं, "आणि मला बाही येत नाही म्हटलं तर?"

"तर हे रद्द होईल. नोकरी नाही, विमाही नाही."

मावशीने पेन मागितलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती मशीनपाशी बसली होती. फोन शेजारीच होता. एकमेकींना शिकवायचं आता काही उरलं नव्हतं. तिने तो लावला नाही, आणि तिकडूनही आला नाही.